यंत्राची रोजकीर्द

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहर संपता संपता वाडी लागते. दोन्ही बाजूंना गोदामे, मालमोटारींच्या रांगा, वजनकाटे, आणि गोदामाच्या तोंडाशी एक टेबल. पूर्वी ह्या टेबलावर एक जाड वही असे. आलेला माल, गेलेला माल, बिल्टीचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, वेळ आणि सही, एवढेच तिच्यात असायचे. ही आवक-जावक वही लिहिणाऱ्याला कोणी विद्वान म्हणत नसे. पण माल कमी भरला की मालक, हुंडेकरी आणि ड्रायव्हर तिघेही त्या वहीपाशी येऊन उभे राहत. "भाऊ, आधी वही काढा," एवढे कोणी म्हटले की भांडण निम्मे मिटे.

हल्ली त्या टेबलावर वहीच्या जागी संगणकाचा पडदा असतो. आणि वाचकहो, मौज अशी की ज्या संगणकात ती वही असते तो पुष्कळदा त्या टेबलावर नसतोच. तो दूर कुठल्या तरी थंड खोलीत असतो. आणि तोही सबंध, स्वतंत्र संगणक असेलच असे नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात दहा-वीस लहान यंत्रे असल्याचा भास उत्पन्न केलेला असतो, त्यांतलेच ते एक. ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण आभासी यंत्र म्हणू. ज्या खऱ्या यंत्राच्या पोटात ती नांदतात त्याला होस्ट, म्हणजे यजमान, हे नाव आहे. जुना वाडा आणि त्यातली बिऱ्हाडे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की आपले घर स्वतंत्र आहे. पण पाण्याचा नळ, जिना आणि छप्पर साऱ्यांचे एकच.

आता समजा, वाड्याचे छप्परच खचले. पडदा काळा, कळ दाबली तरी उत्तर नाही, आतली वीसच्या वीस यंत्रे एकदम गप्प. त्यांत कुठे महाविद्यालयाचे निकाल असतील, कुठे रुग्णालयाचे कागद, कुठे पतपेढीचे व्यवहार. अशा वेळी काय झाले हे विचारायचे कोणाला? यंत्र तर मुके झालेले. ह्या प्रश्नाला माणसाने जी उत्तरे शोधली त्यांचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. त्यात मुख्य वस्तू दोनच आहेत. एक वही, आणि दुसरी एक बारीकशी तार.

प्रथम वहीचे पाहू.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबात कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत, हे घरात दुकानदारी असलेल्या वाचकांना सांगावयास नको. व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरतात. मग तेच व्यवहार माणसामाणसाच्या नावे वेगळे करून खतावणीत जातात. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊकच आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या रोजनिश्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले, तेव्हा मराठ्यांच्या राज्यकारभाराचे केवढे तरी चित्र उजेडात आले. त्या नोंदी तशा रुक्षच. अमक्यास इतके रुपये दिले, तमक्या गावी इतका वसूल आला, असल्या. मग बखरीपेक्षा इतिहासकार त्यांच्यावर अधिक विश्वास का ठेवतो? कारण बखर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. कोण जिंकले, कोण हरले, हे ठाऊक झाल्यावर तो लिहितो, आणि नकळत सारी हकीकत त्या शेवटाकडे वळवतो. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला उद्या काय होणार ह्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे त्याच्या नोंदीत मुद्दाम वळवलेले असे फारसे काही सापडत नाही.

संगणकाच्या भाषेत ह्या रोजकीर्दीला लॉग म्हणतात. हा शब्द जहाजांवरून आला. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडी ओंडका पाण्यात टाकीत आणि ठराविक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. ओंडका म्हणजे लॉग. त्यावरून वेगाची नोंद ठेवण्याच्या वहीला लॉगबुक नाव पडले, आणि पुढे वारा, दिशा, खलाशांची आजारपणे असे सारेच त्या वहीत जाऊ लागले. जहाजाचा वेग आजही 'नॉट', म्हणजे गाठी, ह्याच मापात सांगतात.

संगणकाच्या लॉगचे एक पान तर जगप्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू ह्या यंत्रात बिघाड झाला. शोध घेता एका रिलेच्या फटीत एक पतंग अडकून मेलेला आढळला. चालकांनी तो काढून चिकटपट्टीने वहीतच चिकटवला, शेजारी वेळ लिहिली आणि रिलेचा क्रमांक लिहिला. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, हा शब्द त्या दिवशी जन्मला असे पुष्कळ ठिकाणी छापतात, ते मात्र बरोबर नव्हे. एडिसनच्या काळापासून तो शब्द कारागिरांच्या तोंडी होता, आणि म्हणूनच खरोखरीचा किडा सापडल्याची त्यांना गंमत वाटली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या लोकांनी पतंग झटकून टाकून यंत्र चालू केले नाही. आधी नोंद केली, पुरावा ठेवला, मग पुढचे काम.

मार्क टूची वही माणसे लिहीत. पुढे यंत्रांचा वेग इतका वाढला की त्यांच्या मागे लिहिणे माणसाला शक्य राहिले नाही, आणि यंत्राला स्वतःची कीर्द स्वतः लिहावयास लावणे भाग पडले. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी टपालाच्या कार्यक्रमासाठी 'सिसलॉग' नावाची सोय केली. तिच्यात प्रत्येक नोंदीला वेळ, लिहिणाऱ्याचे नाव आणि गांभीर्याची पायरी असे तिन्ही असते. पायऱ्या शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे सर्वनाश, सात म्हणजे बारीकसारीक गप्पा. ही आठ पायऱ्यांची रीत आज जगभर रूढ आहे.

इथे तुम्ही म्हणाल, "मग अडचण कसली? यंत्र वही लिहिते आहे, बिघाड झाला की उघडून वाचायची."

अडचण अशी की वही ज्या कपाटात ठेवायची ते कपाटच कधी कधी आधी पडते. यंत्राची कीर्द डिस्कवर लिहिली जाते. ती लिहिण्यासाठी यंत्राचा मुख्य कार्यक्रम, म्हणजे कर्नल, धड असावा लागतो, डिस्कपर्यंतचा मार्ग मोकळा असावा लागतो, शिवाय हाताशी साठवलेल्या नोंदी डिस्कवर उतरायला काही क्षण मिळावे लागतात. कर्नललाच घेरी आली की हे सारे एकदम बंद. म्हणजे ज्या शेवटच्या चार ओळी सर्वांत मोलाच्या, नेमक्या त्याच वहीत उतरत नाहीत. यंत्र पुन्हा चालू केल्यावर पाहावे तो दुपारी अमुक वाजेपर्यंत सर्व सुरळीत, आणि त्याच्या पुढे एकदम नव्या आरंभाची नोंद. मधली हकीकत गायब.

ह्यावरचा उपाय म्हणजे आपली दुसरी वस्तू, ती बारीक तार. तिची कुळकथा फार जुनी आहे.

हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी यांच्या खटपटीने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार १८५१ च्या सुमारास सुरू झाली, आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडली गेली. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोचली ती रुळांच्या कडेने तारेचे खांब घेऊनच. तारेचा गुण असा की एका वेळी एकच खूण जाते. एकामागून एक, एकामागून एक. ह्यालाच इंग्रजीत सिरीयल म्हणतात. पुढे फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा ठराविक संच ठरवून दिला, आणि त्यातून अक्षरे आपोआप छापणारे टेलिप्रिंटर वाढीस लागले. सिरीयल तारेचा वेग आजही 'बॉड' मध्ये सांगतात, तो शब्द ह्या बोदो साहेबांच्या नावावरून. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या पोटी जन्मलेली ही रीत मात्र संगणकात शाबूत राहिली.

ती संगणकात आली कशी? सुरुवातीच्या संगणकांना पडदे नव्हते. माणसाने यंत्राशी बोलायचे ते टेलिप्रिंटरवर, आणि यंत्र हाताळायचे ते बटणांच्या एका मेजावरून. ह्या मेजाला कन्सोल म्हणत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला 'टिफरॅक' हा संगणक १९६० साली कामाला लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे हे नाव ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. माहिती कागदी फितीवरून आत जाई, उत्तर टेलिप्रिंटरवर छापून येई, आणि यंत्राचे नियंत्रण हाताने चालवायच्या कन्सोलवरून होई. पुढे १९६३ साली अमेरिकेच्या टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ निघाले. सेकंदाला दहा अक्षरे खडखडत छापणारे हे स्वस्त यंत्र इतके पसरले की युनिक्स आणि तिच्या वळणावर लिहिलेली लिनक्स ह्या प्रणालींत कन्सोलचे नाव आजही 'टीटीवाय', म्हणजे टेलिटाइपचेच लघुरूप, आहे. संगणक आणि अशी उपकरणे कोणत्या तारांनी जोडावी ह्याचे 'आरएस-२३२' नावाचे प्रमाण १९६० सालचे. खोलीत टेलिटाइप उरलेले नाही, तारेवरून सेकंदाला दहाऐवजी अकरा हजारांवर अक्षरे जातात, पण रीत तीच.

आता ही म्हातारी तार संकटात उपयोगी का पडते, ते पाहा. पडद्यावर चित्र दाखवायचे तर यंत्राला केवढा तरी खटाटोप करावा लागतो. डिस्कवर लिहायचे किंवा जाळ्यावरून निरोप पाठवायचा तर त्याहून जास्त. सिरीयल तारेवर एक अक्षर ढकलायला जवळजवळ काहीच लागत नाही. मरणोन्मुख माणसाला पत्र लिहिता येणार नाही, पण उशाशी बसलेल्याच्या कानात दोन शब्द सांगता येतील, तसेच हे. कर्नल कोसळताना आपली शेवटची हकीकत ह्या तारेवर ढकलतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेले निराळे, धडधाकट यंत्र ती टिपून ठेवते. उलट दिशेनेही तिचा उपयोग होतो. जुन्या तारायंत्रावर ऐकणारा मधेच बोलणाऱ्याला थांबवू इच्छी, तेव्हा तो तार क्षणभर तोडी. त्याला 'ब्रेक' म्हणत. लिनक्सच्या सिरीयल कन्सोलवर आजही तो ब्रेकचा इशारा देऊन, पाठोपाठ एक अक्षर दाबून, गुदमरलेल्या कर्नलला विचारता येते, "बाबा रे, तुझ्याकडे कोणकोणती कामे अडकली आहेत? स्मृती किती उरली आहे?" अर्थात ही सोय आधी चालू करून ठेवलेली असली पाहिजे.

इथवर एका यंत्राचे झाले. आता वाड्याकडे वळू.

एका यंत्रात अनेक यंत्रे भासवण्याची युक्ती काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीपी-४०' ही व्यवस्था उभी केली आणि १९६७ च्या आरंभी ती रोजच्या वापरात आली. एका यंत्रात एकदम चौदा आभासी यंत्रे! त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा कन्सोल होता, आणि तो म्हणजे वापरणाऱ्याच्या टेबलावरचे टंकयंत्र. १९७२ साली आयबीएमने 'व्हीएम/३७०' बाजारात आणले. पुढे साध्या, स्वस्त यंत्रांवर ही कला आली ती १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीमुळे, २००३ च्या झेनमुळे, आणि २००७ साली लिनक्सच्या कर्नलमध्येच सामील झालेल्या केव्हीएममुळे. ह्या सर्वांत आभासी यंत्राला आभासी सिरीयल तार देता येते, आणि तिचे दुसरे टोक यजमानाच्या वहीत सोडता येते. म्हणजे बिऱ्हाड कोसळले तरी त्याचे अखेरचे शब्द वाड्याच्या मालकाकडे लिहिलेले राहतात.

आपल्या विदर्भाचा धागाही ह्या इतिहासात आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. तो ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपांचा बनलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार सिरीयल जोडण्या असत. आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट. ट्रान्सप्यूटर घडवणाऱ्यांनी त्याला 'रीसेट' चा संकेत दिला होताच, पण त्याखेरीज 'अ‍ॅनालाइज' नावाचा वेगळा संकेतही दिला होता. पहिल्याने यंत्र कोरे होऊन नव्याने सुरू व्हावे. दुसऱ्याने ते आहे त्या स्थितीत शिस्तीने थांबावे, म्हणजे तारेवरून त्याच्या स्मृतीत डोकावून काय बिनसले ते पाहता यावे. पुन्हा सुरू करणे आणि तपासणे ह्या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि तपासणे आधी, हे तत्त्व त्यांनी चिपमध्येच कोरून ठेवले होते म्हणा ना!

प्रत्यक्ष शोध कसा घेतात, त्याची दोन-तीन उदाहरणे देतो.

समजा, वाडीच्या गोदामाची वही ज्या आभासी यंत्रात आहे ते भर दुपारी बंद पडले. त्याची स्वतःची कीर्द उघडली तर शेवटची ओळ अगदी साधी, कसलीही तक्रार नाही. अननुभवी माणूस म्हणेल, "काही कारणच दिसत नाही, बंद करून पुन्हा चालू करून पाहा ना भाऊ!" अनुभवी माणूस यजमानाची कीर्द मागेल. तिथे त्याच मिनिटाला कर्नलने लिहिलेले सापडेल की स्मृती संपली, म्हणून सर्वांत जास्त स्मृती व्यापणारे काम मी मारून टाकले. ते मारलेले काम म्हणजेच आपले आभासी यंत्र. यजमानाने आपल्याजवळ होती त्यापेक्षा अधिक स्मृती बिऱ्हाडांना कबूल केली होती, आणि सर्वांनी एकदम मागताच एकाचा बळी गेला. बिऱ्हाडाच्या वहीत ते येणार कुठून? त्याला काही कळायच्या आतच सारे आटोपले होते.

दुसरे उदाहरण. यंत्र मेलेले नाही, पण निश्चल आहे. हलत नाही, बोलत नाही. पुष्कळदा यजमानाच्या डिस्कवरची जागा संपलेली असते, आणि माहितीची नासाडी होऊ नये म्हणून व्यवस्थेने आभासी यंत्राला जागच्या जागी थांबवून ठेवलेले असते. अशा वेळी नुसती जागा मोकळी करून त्याला 'चल' म्हटले की ते होते तेथून पुढे चालू लागते. घाईने बंद-चालू केले तर मात्र हातातले अर्धवट व्यवहार जातात.

तिसरे उदाहरण घड्याळांचे. दोन वह्या शेजारी ठेवून वाचायच्या तर दोघींची वेळ जुळली पाहिजे. पुष्कळ यजमान यंत्रे जागतिक वेळ लिहितात आणि आतली यंत्रे भारतीय वेळ. म्हणजे साडेपाच तासांचा फरक. हा घोळ आपल्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई आपली ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई-वेळ १९५५ पर्यंत सांभाळून होती. त्या काळचे कागद वाचणाऱ्या इतिहासकाराने कोणते घड्याळ हे आधी विचारले नाही तर कारण आणि परिणाम ह्यांचा क्रम उलटा लागायचा. यंत्राच्या वह्या वाचतानाही पहिला प्रश्न हाच. वेळा जुळवून घेतल्या की मग कीर्दीवरून खतावणी करायची. डिस्कच्या तक्रारी एकीकडे, स्मृतीच्या दुसरीकडे, जाळ्याच्या तिसरीकडे. आणि त्यांतली सर्वांत आधीची तक्रार कोणती, ते पाहायचे. शेवटची आरोळी मोठी असते, पण दुखणे बहुधा पहिल्या कण्हण्यापाशी असते.

आणि यजमानच मुका झाला तर? त्यासाठी मोठ्या यंत्रांत एक चिमुकला संगणक वेगळा बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी हा जागा असतो. इंटेल, डेल, हेवलेट-पॅकार्ड आणि एनईसी ह्या कंपन्यांनी त्याचे आयपीएमआय नावाचे प्रमाण १९९८ साली ठरवले, आणि २००४ च्या आवृत्तीत सिरीयल तारेवरची अक्षरे जाळ्यावरून दूर पाठवण्याची सोय आली. त्यामुळे वाडीत बसून मुंबईच्या यजमानाचे अखेरचे शब्द वाचता येतात. पूर्वी ह्यासाठी रात्रीची गाडी धरावी लागली असती.

इतका सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. यंत्र बिघडले, दुरुस्त झाले, संपले. त्यात काय एवढे?

ह्याचे उत्तर इंग्लंडमध्ये घडलेल्या एका प्रकरणात आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक-व्यवस्था आणली. ती फुजित्सु कंपनीची. खेडोपाडीच्या पोस्टांत हिशेबाला तूट दिसू लागली. पोस्टमास्तर म्हणत, "आम्ही पैसे घेतले नाहीत." वरून उत्तर येई, "यंत्र चुकत नाही." तेथील कायदाही त्या सुमारास असा झाला होता की उलट दाखवून दिल्याखेरीज यंत्र ठीकच चालत होते असे धरून चालायचे. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१० मध्ये एका भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरीणबाईंना गर्भवती असताना कैद झाली. वस्तुतः यंत्रात दोष होते, आणि ते चालवणाऱ्यांनी ठाऊक असलेल्या दोषांची स्वतंत्र वहीही ठेवली होती. वर्षानुवर्षे ती पोस्टमास्तरांच्या वकिलांपर्यंत आली नाही. ती न्यायालयासमोर आल्यावर चित्र पालटले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि २०२४ साली पार्लमेंटने कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांना मोकळे केले. पण गेलेली वीस वर्षे कोण परत देणार?

म्हणून म्हणतो, यंत्राची कीर्द हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे. गोदामात माल कमी भरला आणि संगणक म्हणाला की तो आलाच होता, तर पहिला संशय हमालावर आणि गोदाम-कारकुनावर जातो. यजमान यंत्र मध्येच थांबले होते, दोन नोंदी दोनदा पडल्या होत्या, हे दाखवणारी वही घाईने पुसली गेली असेल, तर त्या गरिबाने आपले निरपराधित्व सिद्ध करायचे कशाने? आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातली नोंद पुराव्यात द्यायची तर तिच्यासोबत विहित नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या संस्थेने यंत्रांचे लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचे आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणाशी जुळवून ठेवण्याचे आदेश काढले आहेत. हे नियम चांगले आहेत. पण नियम जपून ठेवण्याचा आहे. आधी लिहिलेलेच नसेल तर जपणार काय?

रेल्वेची रीत इथे आठवण्यासारखी आहे. अपघात झाला की मार्ग मोकळा करण्याची घाई तर असतेच. पण स्टेशनातले ट्रेन रजिस्टर आधी ताब्यात घेतात, आणि खुणा नोंदवून मग डबे हलवतात. संगणकाच्या बाबतीतही तेवढी शिस्त पुरे. ज्यांच्या हाती अशी यंत्रे आहेत त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. यजमानाची कीर्द त्याच्याच डिस्कवर न ठेवता दुसऱ्या यंत्राकडेही पाठवावी. सिरीयल कन्सोल यंत्र निरोगी असतानाच जोडून ठेवावा, आणि तो खरोखर बोलतो की नाही हे वर्षातून दोनदा तरी पाहावे. साऱ्या घड्याळांची वेळ एक करावी. आणि बिघाड झाल्यावर, पुन्हा चालू करण्याच्या कळीकडे हात जाण्यापूर्वी, तारेवर काय आले आहे ते उतरून घ्यावे. ह्याला फार तर दहा मिनिटे लागतात.

आणि ज्यांच्या हाती यंत्रे नाहीत, नुसता पडदा आहे, अशा आपणा सर्वांसाठी एकच. "संगणक असे म्हणतो" असे कोणी बजावले, तर नम्रपणे विचारावे, "त्याची वही कुठे आहे? आणि ती शेवटची कोणी वाचली?" वाडीच्या गोदामात हा प्रश्न विचारण्याचा हक्क ड्रायव्हरलाही होता. वही कागदाची राहिली नाही म्हणून तो हक्क सोडून देण्याचे काही कारण नाही.